न लिहिलेले करार

माझ्या एका मित्राच्या वडिलांनी सातारा जिल्ह्यातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. आधी वह्यांमध्ये, पुढे डॉसच्या संगणकावर. त्या संगणकात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं. त्यामुळे पडद्यावर देवनागरी उमटायची आणि फाइलमध्ये ती 'इस्की' या भारतीय मानकाप्रमाणे साठवली जायची. २००२ मध्ये मी त्या फाइली युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम सी भाषेत लिहून दिला. काम झालं, काकांनी त्यावरून ओव्यांचं पुस्तकही छापलं, त्यांना समाधान वाटलं. पुढे काका गेले, आणि ज्या हार्ड डिस्कवर युनिकोडमधल्या ओव्या होत्या तीही बंद पडली. हाती राहिली ती मूळ इस्की फाइलींची एक सीडी आणि माझ्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड.

सोर्स कोड आहे म्हणजे सगळं आहे, असं मला मनापासून वाटत होतं. नव्या यंत्रावर तो कंपाइल करायचा, फाइली त्यातून काढायच्या, संध्याकाळपर्यंत मित्राला ओव्या परत. माझ्यासमोर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक होता. त्यात आर्मचा प्रोसेसर, त्यावर ६४ बिटांचं लिनक्स आणि जीसीसी या कंपायलरची १४ वी आवृत्ती. संध्याकाळ होऊन गेली, दुसऱ्या दिवशीचीही झाली. त्या दोन दिवसांत काय काय अडलं, त्याचीच हकिकत या प्रकरणात आहे. कारण जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रणेवर बिल्ड करताना जे अडतं ते जवळजवळ सगळं मला या एका छोट्या प्रोग्रॅमात भेटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कोड पडून राहिला म्हणून नासत नाही. २००२ सालच्या माझ्या फाइलींमधला एकही बिट बदललेला नव्हता. बदललं होतं ते भोवताल. कुठलाही प्रोग्रॅम आपल्या भोवतालाशी करार करून जगतो. काही करार लेखी असतात: भाषेचं मानक, लायब्ररीची कागदपत्रं. पण त्याहून कितीतरी जास्त करार कुणीच लिहिलेले नसतात. आजवर असं चाललं म्हणून पुढेही चालेल, एवढाच त्यांचा आधार. नव्या यंत्रणेवर बिल्ड करणं म्हणजे ते न लिहिलेले करार एकेक करून उजेडात येणं.

पहिला अडथळा अगदी उंबरठ्यावर आला. जुन्या युनिक्स धाटणीच्या प्रोग्रॅमबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक स्क्रिप्ट असते. ती आधी विचारते की आपण कुठल्या यंत्रावर आहोत. हे ओळखणारी ग्नू प्रकल्पाची एक वेगळी फाइल प्रत्येक प्रोग्रॅम आपल्यासोबत घेऊन फिरतो. माझ्याकडची फाइल २००२ ची, आणि आर्म कंपनीने ६४ बिटांची रचना जाहीर केली ती २०११ मध्ये. जे यंत्र जन्मालाच आलं नव्हतं ते त्या फाइलला ओळखू कसं येणार? स्क्रिप्ट तिथेच थांबली. ग्नू प्रकल्प ही फाइल आजही अद्ययावत ठेवतो. नवी प्रत आणून जुनीच्या जागी ठेवली की हा प्रश्न मिटतो.

दुसरा अडथळा मला दिसलाच नाही, आणि म्हणून तो अधिक घातक होता. कॉन्फिगर स्क्रिप्ट यंत्रणेला थेट प्रश्न विचारत नाही. ती चार-पाच ओळींचा एक चाचणी-प्रोग्रॅम लिहिते, कंपायलरला देते, आणि तो कंपाइल झाला तर 'ही सोय आहे', नाही झाला तर 'ही सोय नाही' असं ठरवते. मी त्या काळी लिहिलेल्या एका चाचणीत ढिलाई होती. प्रोग्रॅममधून बाहेर पडण्याचं 'एक्झिट' हे फंक्शन मी आधी घोषित न करता वापरलं होतं. तेव्हाचा कंपायलर ते चालवून घ्यायचा. जीसीसी १४ चालवून घेत नाही. म्हणजे चाचणी फसली ती या ढिलाईमुळे, पण स्क्रिप्टने अर्थ काढला की ज्या सोयीबद्दल विचारलं ती सोयच या यंत्रावर नाही. मग तिने त्या सोयीऐवजी मी २००२ मध्ये घाईत लिहून ठेवलेला कच्चा पर्याय वापरायचं ठरवलं. चूक दाखवली नाही, इशारा दिला नाही. पडद्यावर नुसतं 'नाही' उमटून वर सरकून गेलं.

अशी सोय नकळत गमावण्याची भीती माझ्या एकट्याची नव्हती. फेडोरा या लिनक्स वितरणाने जीसीसी १४ स्वीकारण्याआधी हजारो पॅकेजं तपासायचं मोठं काम हाती घेतलं. रेड हॅटचे फ्लोरियन वायमर त्यात पुढे होते. जो कोड कंपाइल होत नाही तो निदान ओरडून सांगतो; पण जो कंपाइल होऊनही गुपचूप एखादी सोय गमावून बसतो, तो शोधणं फार अवघड. जुना कोड बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: कॉन्फिगर यशस्वी झालं तरी त्याची लॉग फाइल उघडून वाचा. प्रत्येक 'नाही' मागचं खरं कारण तिथे लिहिलेलं असतं.

आता हा 'घोषित न करता वापरण्या'चा मामला जरा खोलात जाऊन बघू, कारण पुढची चूक त्यातूनच निघाली, आणि त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिच्या आधीच्या 'बी' भाषेत माहितीचे प्रकारच नव्हते. सगळं काही यंत्राचा एक शब्द, इतकंच. ती सवय सी मध्येही उतरली. तुम्ही एखादं फंक्शन न सांगता वापरलंत, तर कंपायलर समजायचा की ते पूर्णांक परत देत असणार. १९८९ च्या मानकात हे राहिलं. १९९९ च्या मानकाने ते काढून टाकलं. पण कंपायलर मात्र पुढची २५ वर्षं केवळ इशारा देऊन असा कोड पुढे जाऊ देत राहिले. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने २०२३ मध्ये आणि जीसीसीने २०२४ मध्ये ती सवलत बाय डिफॉल्ट बंद केली. लेखी करार १९९९ मध्येच संपला होता. जुना कोड जगत होता तो न लिहिलेल्या करारावर.

कुणी म्हणेल, एवढा कडकपणा हवा कशाला? माझाच प्रोग्रॅम उत्तर देतो. अक्षरांची नकाशा-फाइल कुठे आहे हे वापरणाऱ्याने आपल्या यंत्रावर एका 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'मध्ये सांगून ठेवायचं, अशी सोय मी केली होती. ते व्हेरिएबल वाचणारं 'गेटएन्व्ह' हे फंक्शन पत्ता परत देतं. मी ते घोषित केलं नव्हतं, म्हणून कंपायलरने त्याला पूर्णांक मानलं. २००२ च्या यंत्रावर पूर्णांक ३२ बिटांचा, पत्ताही ३२ बिटांचा. दोन्ही एकाच मापाच्या पिशवीत बसायचे. ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ६४ बिटांचा झाला, पूर्णांक मात्र ३२ वरच राहिला. पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी जाऊन कोसळतो.

नव्या कंपायलरने ही चूक दाखवल्यावर मी आधी सोपी वाट धरली. '१९८९ च्या सी प्रमाणे वाग' असं कंपायलरला सांगणारा एक पर्याय असतो, तो लावला. प्रोग्रॅम तयार झाला आणि माझ्या यंत्रावर नीट सुरूही झाला. मित्राच्या यंत्रावर तो सुरू होताच कोसळला. अर्धा तास दोघं फोनवर. कारण नंतर सापडलं: त्याने ते व्हेरिएबल ठरवून ठेवलं होतं, मी नव्हतं. ठरवलेलं नसेल तर फंक्शन शून्य परत देतं, आणि शून्याचा अर्धा भाग कापला तरी शून्यच राहतं. म्हणजे ज्याने सोय वापरलीच नाही त्याच्याकडे सगळं ठीक, आणि ज्याने सूचना वाचून नीट मांडणी केली त्याच्याकडे अपघात. योग्य हेडर फाइल जोडणारी एक ओळ लिहिली आणि प्रश्न सुटला. हे अनुभवल्यापासून जीसीसीच्या त्या कडकपणाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

लिंकरच्या टप्प्यावर पुढची तक्रार आली: एकच व्हेरिएबल अनेकदा घडवलं आहे. हेडर फाइलमध्ये मी एक जागतिक व्हेरिएबल नुसतं लिहून टाकलं होतं, 'हे दुसरीकडे घडवलेलं आहे' असं सांगणारा 'एक्स्टर्न' शब्द न लावता. ती हेडर फाइल तीन ठिकाणी जोडली, तीन प्रती झाल्या. पूर्वी लिंकर त्या तिन्ही एकच समजून घ्यायचा. ही रीत फोरट्रान भाषेच्या सामायिक ब्लॉककडून आलेली. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने ती बाय डिफॉल्ट बंद केली. त्या वर्षी शेकडो जुनी पॅकेजं याच एका कारणाने अडली. दुरुस्ती एका शब्दाची.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की दोष जुन्या कोडचाच असतो. मानक पाळलं असतं तर काही झालं नसतं. मला हे पुरतं पटत नाही, आणि का पटत नाही ते २०१० मधल्या एका घटनेवरून सांगतो.

सी च्या लायब्ररीत स्मृतीचा एक तुकडा दुसरीकडे नक्कल करणारं 'मेमकॉपी' नावाचं फंक्शन आहे. त्याचा लेखी करार असा, की मूळ जागा आणि नकलेची जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तसं असेल तर 'मेममूव्ह' हे दुसरं फंक्शन वापरावं. पण वर्षानुवर्षं मेमकॉपी पुढून मागे नक्कल करत असे, आणि त्यामुळे जागा थोड्या चढलेल्या असल्या तरी बऱ्याचदा उत्तर बरोबर यायचं. मग ग्लिबीसी या लिनक्सवरच्या मूळ लायब्ररीत काही प्रोसेसरांसाठी वेग वाढवणारी सुधारणा झाली, आणि मेमकॉपी कधीकधी मागून पुढे नक्कल करू लागलं. मानकाच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. फेडोरा १४ वर मात्र अडोबीच्या ६४ बिटी फ्लॅश प्लेयरमधला आवाज खरखरू लागला. फ्लॅशने चढलेल्या जागांवर मेमकॉपी वापरलं होतं.

वाद पेटला. एक बाजू म्हणे, चूक फ्लॅशची आहे, त्यांनी दुरुस्त करावी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः या बगच्या मुळाशी जाऊन कारण शोधलं, आणि त्यांची भूमिका अशी होती की वापरणाऱ्याला मानकाशी देणंघेणं नसतं. काल चालणारं आज चालत नाही एवढंच त्याला दिसतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये ते हा नियम फार कसोशीने पाळतात. जून २०११ च्या ग्लिबीसी २.१४ मध्ये तोडगा निघाला तो मला अतिशय सुंदर वाटतो. लायब्ररीने मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या ठेवल्या. आधी बिल्ड झालेले प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचं नाव मागतात, त्यांना मेममूव्हसारखी सुरक्षित वागणूक मिळते. नव्याने बिल्ड होणाऱ्यांना नवी आवृत्ती. जुन्याचा शब्द राखला, आणि नव्याचा वेगही अडवला नाही.

याला एक दुसरी बाजू आहे आणि सॉफ्टवेअर वाटणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी टोचते. नव्या यंत्रणेवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर नेला की 'ग्लिबीसी २.१४ सापडली नाही' असं सांगून तो थांबतो. हमी एकाच दिशेने आहे: जुनं नव्यावर चालेल, नवं जुन्यावर नाही. म्हणून अनेक ठिकाणी चालणारी बायनरी द्यायची असेल तर ती आपल्याला पाठिंबा द्यायच्या सर्वांत जुन्या यंत्रणेवर बिल्ड करावी. पायथनच्या जगाने २०१६ मध्ये हेच नियमात बांधलं. अनेक लिनक्स वितरणांवर चालाव्यात अशा पॅकेजांसाठी त्यांनी तेव्हाच जुनं झालेलं सेंटओएस ५ आधार म्हणून निवडलं.

काही करार मात्र मुद्दाम मोडावे लागतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, आणि या लायब्ररीच्या आतल्या मांडणीकडे गंभीरपणे पाहणं सुरू झालं. ऑगस्ट २०१६ च्या १.१.० आवृत्तीने आपल्या आतल्या रचना बाहेरच्या कोडपासून झाकून टाकल्या. जे प्रोग्रॅम थेट आत हात घालत होते ते सगळे कंपाइल व्हायचे थांबले. त्रास झाला, पण तो समोर दिसणारा त्रास होता, आणि वाटही नीट होती: आतल्या गोष्टी हव्या असतील तर दिलेल्या फंक्शनांमधून मागा, आणि जुनी आवृत्ती असलेल्या यंत्रांसाठी तीच फंक्शनं एका छोट्या जोड-फाइलमध्ये स्वतः लिहा. असं केलं की एकच कोड जुन्या आणि नव्या दोन्ही लायब्ररींवर बिल्ड होतो. बहुतेक प्रकल्पांनी हीच वाट धरली.

पुन्हा ओव्यांकडे. प्रोग्रॅम आता एकाही चुकीशिवाय तयार झाला. मी पहिली फाइल दिली आणि चहा करायला उठलो. परत येऊन बघतो तर प्रोग्रॅम अजून चालूच, आणि काही किलोबाइटच्या मूळ फाइलमधून निघालेली फाइल गिगाबाइटमध्ये गेलेली. थांबवून उघडली. सुरुवातीला इस्कीची अक्षरं होती तशीच, एकाचंही रूपांतर नाही. नंतर २५५ हा एकच बाइट, अखंड.

कारण कळायला इस्कीची रचना माहीत हवी. १९९१ च्या त्या मानकात एक बाइट म्हणजे एक अक्षर. शून्य ते १२७ ही रोमन लिपीची नेहमीची जागा, आणि वरचा अर्धा भाग भारतीय लिप्यांचा. 'क' चा क्रमांक १७९. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेला आहे, त्यामुळे रूपांतर मुळात सोपं आहे. एक तक्ता पुरतो. सी मध्ये एक बाइट साठवायचा 'कॅरेक्टर' हा प्रकार आहे. तो ऋण आकडे धरतो की नाही, हे मानकाने यंत्रावर सोडलं आहे. इंटेलच्या यंत्रांवर धरतो. तिथे १७९ हा उणे ७७ म्हणून वाचला जातो. म्हणून २००२ मध्ये मी लिहिलं होतं: बाइट शून्याहून लहान असेल तर ते देवनागरी. इंटेलवर ते बरोबर होतं. आर्मच्या लिनक्सवर कॅरेक्टर ऋण होतच नाही. तिथे १७९ हा १७९ च. माझी अट कधीच खरी ठरत नव्हती, म्हणून एकही अक्षर बदललं नाही.

फाइल संपत का नव्हती, त्याचंही मूळ हेच. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे १ देतं. मी ते पूर्णांकात न घेता कॅरेक्टरमध्ये घेत होतो. आर्मवर उणे १ चा २५५ होतो, आणि २५५ कधीच उणे १ इतका नसतो. प्रोग्रॅमला शेवट दिसतच नव्हता. कंपायलरला जास्तीचे इशारे द्यायला सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही ओळींवर बोट ठेवलं: ही तुलना नेहमी एकच उत्तर देईल.

यावर दोन उपाय होते. 'कॅरेक्टर ऋण धर' असा एक पर्याय कंपायलरला द्यायचा, की दोन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात. किंवा कोड दुरुस्त करायचा: वाचलेलं पूर्णांकात घ्यायचं आणि '१२८ वा त्याहून मोठा' अशी अट लिहायची. मी दुसरा निवडला. पण दुरुस्ती करताना आपण काही बिघडवलं तर नाही ना, हे पाहायला जुनं उत्तर हाताशी हवं. म्हणून इंटेलच्या लॅपटॉपवर एका कंटेनरमध्ये २००७ सालची डेबियन ४.० उभी केली, तिची ३२ बिटी आवृत्ती. डेबियनने आपली जुनी वितरणं जपून ठेवली आहेत, आणि आजचा कर्नल त्या काळच्या प्रोग्रॅमांच्या हाकेला अजून ओ देतो. तिथे माझा मूळ कोड एक अक्षरही न बदलता बिल्ड झाला. असा कंटेनर मी जालाशी जोडत नाही. त्यातली सुरक्षेची छिद्रंही २००७ चीच असतात. पण जुनं उत्तर पुन्हा मिळवायला याच्याइतकं भरवशाचं साधन माझ्या माहितीत नाही.

मग दोन्हीकडून निघालेल्या फाइली बाइटन् बाइट ताडून पाहिल्या. एक सोडून बाकी सगळ्या तंतोतंत सारख्या. त्या एका फाइलमध्ये जुन्या प्रोग्रॅमचं उत्तर आखूड होतं, नव्याचं लांब. मला आधी वाटलं माझ्या दुरुस्तीत खोट आहे. मूळ फाइल हेक्समध्ये उघडली. मधोमध एक भरकटलेला बाइट होता, २५५. फ्लॉपीवरून सीडीवर येताना पडला असेल, किंवा त्याआधीच. इंटेलवर २५५ म्हणजे उणे १, आणि उणे १ म्हणजे फाइल संपली. जुना प्रोग्रॅम तिथेच थांबत होता आणि काम पूर्ण झाल्याचं सांगत होता. २००२ मध्येही त्याने तेच केलं असणार. काकांनी आणि मी तेव्हा प्रत्येक फाइलची सुरुवातीची दोन-तीन पानं तेवढी तपासली होती.

कंपायलरला ऋण धरायला सांगणारा तो सोपा पर्याय मी वापरला असता, तर दोन्ही उत्तरं जुळली असती आणि मी निश्चिंत झालो असतो.

त्या बाइटनंतर सतरा ओव्या होत्या. भावाला उद्देशून. मित्राने त्या वाचल्या तेव्हा त्याला आठवलं, की या त्याच्या आत्याने सांगितलेल्या, आणि छापील पुस्तकात त्या का नाहीत म्हणून ती कितीतरी वर्षं काकांवर रुसून होती.